अमेरिकेतला विद्यमान खासदार पडणार की तरणार, याचा अंदाज कसा बांधतात?

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे हाउसमध्ये, ४३५ जागा आहेत आणि दर दोन वर्षांनी त्या सगळ्याच्या सगळ्या निवडणुकीला लागतात. पुन्हा उभे राहणाऱ्या खासदारांपैकी बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांहून जास्त जण निवडून येतात. २०१० साली ओबामांच्या पहिल्या मध्यावधीत (म्हणजे अध्यक्षांच्या चार वर्षांच्या मधोमध येणाऱ्या ठरलेल्या निवडणुकीत) डेमोक्रॅट पक्षाची दाणादाण उडाली, तेव्हाही पुन्हा उभे राहिलेल्यांपैकी साधारण ८५ टक्के परत आले. आपल्याकडे निवडणूक लागली की विद्यमान आमदार-खासदारावरची नाराजी गृहीत धरूनच चर्चा सुरू होते. ती सवय इथे बाजूला ठेवावी लागते. अमेरिकेत पदावर असणं हा आजही थोडाफार फायदाच आहे.

पण नव्वद टक्क्यांचा तो आकडा दिसतो तितका सरळ नाही. ज्यांना पराभव समोर दिसतो त्यांतले बरेच जण आधीच निवृत्ती जाहीर करतात आणि 'हरलेल्यांच्या' यादीत येतच नाहीत. फ्लोरिडाच्या २७व्या मतदारसंघात इलियाना रॉस-लेटिनन वर्षानुवर्षे रिपब्लिकन म्हणून निवडून येत होत्या. २०१६ मध्ये तिथे अध्यक्षपदाच्या मतदानात डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन सुमारे २० टक्क्यांनी पुढे राहिल्या. २०१८ मध्ये रॉस-लेटिनन उभ्याच राहिल्या नाहीत आणि जागा डेमोक्रॅट पक्षाकडे गेली. २०२६ साठी मेन राज्याचे जॅरेड गोल्डन आणि नेब्रास्काचे डॉन बेकन यांनीही माघार घेतली आहे. गोल्डन २०२४ मध्ये ट्रम्प जिंकलेल्या मतदारसंघातले डेमोक्रॅट, बेकन हॅरिस जिंकलेल्या मतदारसंघातले रिपब्लिकन. त्यामुळे कामाची पहिली पायरी म्हणजे कोण उभं आहे आणि कोण नाही याची यादी करणं. उमेदवारी अर्जाची मुदत प्रत्येक राज्यात वेगळी असते. टेक्सासमध्ये ती आदल्या वर्षीच्या डिसेंबरातच संपते, काही राज्यांत ऐन उन्हाळ्यापर्यंत चालते.

आधी जमीन पाहा

खासदार कसा आहे हे नंतर. आधी तो कुठल्या जमिनीवर उभा आहे ते पाहायचं. त्यासाठी सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं माप म्हणजे कुक पीव्हीआय, 'कुक पोलिटिकल रिपोर्ट' या संस्थेचा पक्षीय कलाचा निर्देशांक. १९९७ पासून ते काढलं जातं. मतदारसंघात अध्यक्षपदाच्या गेल्या दोन निवडणुकांत दोन मुख्य पक्षांना मिळालेल्या मतांचा वाटा देशाच्या वाट्याशी ताडून पाहतात. २०२२ पासून ताज्या निवडणुकीला ७५ टक्के आणि आधीच्या निवडणुकीला २५ टक्के वजन दिलं जातं. उत्तर 'डी+३' किंवा 'आर+५' असं येतं. डी म्हणजे डेमोक्रॅट, आर म्हणजे रिपब्लिकन.

इथे नवखे हमखास फसतात. आर+५ म्हणजे रिपब्लिकन उमेदवार ५ टक्क्यांनी पुढे, असा अर्थ ते लावतात. पण हा आकडा मतांच्या वाट्यातला फरक आहे, आघाडीतला नाही. एकाचा वाटा ५ ने वाढला की दुसऱ्याचा ५ ने घटतो, म्हणून देश बरोबरीत असताना आर+५ मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार साधारण १० टक्क्यांनी पुढे असायला हवा. पीव्हीआय आणि मतफरक (म्हणजे आघाडी) एकाच तक्त्यात मिसळले की पुढची सगळी बेरीज-वजाबाकी चुकते. सोपा उपाय म्हणजे सगळं मतफरकातच लिहायचं: २०२४ मध्ये मतदारसंघात ट्रम्प किती टक्क्यांनी पुढे होते, त्यातून देशातली त्यांची दीड टक्क्याची आघाडी वजा करायची. उरतो तो मतदारसंघाचा मूळ कल.

एवढा जोर अध्यक्षीय मतांवर का? कारण वर एका पक्षाला आणि खाली दुसऱ्याला मत देणारे आता फार थोडे उरलेत. १९८४ मध्ये अध्यक्षपदाला एक पक्ष आणि हाउसला दुसरा पक्ष निवडणारे मतदारसंघ दोनशेच्या जवळपास होते. २०२४ मध्ये असे फक्त १६ निघाले. तेरा डेमोक्रॅट ट्रम्प जिंकलेल्या मतदारसंघांतून आले आणि तीन रिपब्लिकन हॅरिस जिंकलेल्या मतदारसंघांतून: बेकन, न्यूयॉर्कचे माइक लॉलर आणि पेनसिल्व्हेनियाचे ब्रायन फिट्झपॅट्रिक. धोक्यातल्या खासदारांची कुठलीही यादी या सोळांपासून सुरू होते. त्यांच्याभोवती दोन्हीकडे पाच-सात टक्क्यांच्या आतले मतदारसंघ जोडत गेलं की तीन-चार डझन नावं होतात. उरलेल्या साडेतीनशेहून जास्त जागांवर नोव्हेंबरपुरता वेळ घालवू नये.

मात्र जमीन स्थिर असते असंही नाही. नेहमी दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर सीमा नव्याने आखल्या जातात, पण २०२५ मध्ये हा क्रम मोडला. टेक्सासने मध्येच नवा नकाशा केला, उद्देश रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढवण्याचा. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ४ नोव्हेंबर २०२५ ला प्रपोझिशन ५० मंजूर केलं आणि डेमोक्रॅट पक्षाला तितक्याच जागांचा फायदा देईल असा नकाशा आला. त्यात केन कॅल्व्हर्ट आणि यंग किम या दोन विद्यमान रिपब्लिकन खासदारांनी एकाच नव्या ४०व्या मतदारसंघातून लढण्याची घोषणा केली. दोघांतला एकच परत येऊ शकतो, आणि त्यासाठी कुठलीही हवा लागत नाही. म्हणून जुन्या सीमांवरचे आकडे नव्या निवडणुकीला लावू नयेत. मतदान केंद्रनिहाय निकाल नव्या सीमांमध्ये पुन्हा जोडून काढलेले आकडे 'डाउनबॅलट' आणि 'डेव्ह्ज रीडिस्ट्रिक्टिंग' या संकेतस्थळांवर मिळतात. तारीख पाहून घ्यावी, कारण न्यायालयं नकाशे मध्येच बदलायला लावतात.

मग हवा

दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ प्रत्येक मध्यावधीत अध्यक्षांच्या पक्षाने हाउसमधल्या जागा गमावल्या आहेत. अपवाद दोन, १९९८ आणि २००२. किती जागा जातात हे मात्र हवेइतकंच, 'त्या पक्षाकडे परक्या जमिनीवर किती जागा आहेत' यावर ठरतं. २००६ आणि २००८ च्या लागोपाठ विजयांनंतर डेमोक्रॅट पक्षाकडे ग्रामीण, रिपब्लिकन कलाच्या जागांचा ढीग होता. २०१० मध्ये ६३ जागा गेल्या. २०२२ मध्ये बायडन यांची लोकप्रियता घसरलेली होती, महागाई होती, तरी फक्त ९ गेल्या. गर्भपाताबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच जूनमध्ये आला होता, काही रिपब्लिकन उमेदवार कच्चे होते, आणि वाहून जाण्याजोग्या जागाही फार नव्हत्या. २०२६ ला हाच हिशेब उलट बाजूने लागू होतो. अध्यक्ष रिपब्लिकन आहेत, पण हॅरिस जिंकलेल्या जमिनीवर त्यांच्या पक्षाचे खासदार मुळात तीनच निवडून आले होते.

हवा मोजायला 'जेनेरिक बॅलट' पाहतात. तुमच्या मतदारसंघात कुठल्या पक्षाच्या उमेदवाराला मत द्याल, एवढाच प्रश्न. एक चाचणी धरू नये, सरासरी घ्यावी. प्रत्यक्ष निकालाशी ताडताना आणखी एक खाच आहे. काही जागांवर एका पक्षाचा उमेदवारच नसतो, त्यामुळे देशभरातल्या हाउस मतांची बेरीज थोडी फुगते. २०२२ ची रिपब्लिकन आघाडी (२.८ टक्के) याच कारणाने खऱ्यापेक्षा जास्त दिसते.

पोटनिवडणुकांवरही लोक उड्या मारतात. २०१७-१८ मध्ये त्यांनी खरी दिशा दाखवली. २०२३-२४ मध्ये डेमोक्रॅट पोटनिवडणुकांत सरस ठरत होते आणि नोव्हेंबरमध्ये हरले. पोटनिवडणुकीला मतदान कमी होतं, आणि जे येतात ते जास्त शिकलेले, राजकारणात मुरलेले मतदार असतात. हा वर्ग अलीकडे डेमोक्रॅट पक्षाकडे झुकलाय. अध्यक्षीय वर्षात बाकीचेही बाहेर पडतात. मध्यावधीला पोटनिवडणुकीचं वजन थोडं जास्त धरायला हरकत नाही, पण थोडंच. वॉशिंग्टन राज्याची ऑगस्टमधली प्राथमिक फेरी (नोव्हेंबरला कोण उभं राहणार हे मतदारच ठरवतात ती फेरी) मला जास्त भरवशाची वाटते. तिथे सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, त्यामुळे दोन्ही पक्षांची एकूण मतं थेट ताडता येतात.

एक हिशेब करून पाहू

समजा एका रिपब्लिकन खासदाराच्या मतदारसंघात ट्रम्प ६ टक्क्यांनी पुढे होते. देशातली दीड टक्क्याची आघाडी वजा केली की मूळ कल उरतो साडेचार टक्के, रिपब्लिकन बाजूला. हवा डेमोक्रॅट पक्षाच्या बाजूने ५ टक्के धरली, तर खासदार अर्ध्या टक्क्याने मागे पडतो. पदाचा फायदा २ टक्के जोडला की दीड टक्क्याने पुढे. म्हणजे वाचला? नाही. अशा अंदाजात साधारण ६ टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे सहज होते असं धरलं, तर दीड टक्क्याच्या आघाडीत हरण्याची शक्यता सुमारे ४० टक्के निघते.

आता मूळ कल १४ टक्के असलेला खासदार घ्या. त्याच हवेत तो ११ टक्क्यांनी पुढे, आणि त्याच्या हरण्याची शक्यता तीन-चार टक्के. एकेकटा पाहिला तर निर्धास्त. पण असे ५० असतील तर त्यांतले एक-दोन पडतील अशीच अपेक्षा ठेवायला हवी. २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या तिसऱ्या मतदारसंघात विद्यमान रिपब्लिकन खासदार प्राथमिक फेरीतच बाद झाल्या आणि त्यांना हरवणाऱ्या उमेदवाराविरुद्ध मारी ग्लूसेनकॅम्प पेरेझ उभ्या होत्या. निवडणुकीचे अंदाज देणाऱ्या 'फाइव्हथर्टीएट' संकेतस्थळाच्या गणिताने त्यांना शंभरात दोन इतकी संधी दिली होती. त्या तीन हजारांहून कमी मतांनी जिंकल्या. गणित खोटं ठरलं असं म्हणता येत नाही. शंभरात दोन म्हणजे शून्य नव्हे, आणि जागा ४३५ आहेत.

दुसरी गोष्ट, या चुका एकमेकींपासून सुट्या नसतात. हवेचा अंदाज ३ टक्क्यांनी चुकला तर तो सगळीकडे एकाच दिशेने चुकतो. म्हणून धोक्यातले खासदार बहुधा एकाच पक्षाचे, एकत्रच पडतात. १९९४ मध्ये डेमोक्रॅट पक्षाचे ३४ विद्यमान खासदार पडले, त्यांत सभापती टॉम फोलीही होते. रिपब्लिकन एकही पडला नाही. २०१८ मध्ये नेमकं उलट झालं. नोव्हेंबरच्या लढतीत एकही विद्यमान डेमोक्रॅट हरला नाही.

माणूस आणि त्याच्यासमोरचा माणूस

पदाचा फायदा एकेकाळी आठ-दहा टक्क्यांपर्यंत मोजला गेला होता. अलीकडे तो दोन-तीन टक्क्यांवर आलाय, कारण लोक पक्ष बघून मत देतात. हा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. फिट्झपॅट्रिक यांच्या मतदारसंघात २०२४ मध्ये हॅरिस निसटत्या पुढे होत्या आणि ते स्वतः १२-१३ टक्क्यांनी जिंकले. बेकन दोन टक्क्यांहून कमी फरकाने तरले. खासदाराची ही स्वतःची कमाई मोजायची तर त्याच्या मागच्या दोन-तीन निवडणुकांतला मतफरक घ्या आणि त्यातून त्या-त्या वर्षीचा मूळ कल व हवा वजा करा. नवख्याकडे असा इतिहास नसतो, म्हणून पहिली फेरनिवडणूक सगळ्यांत अवघड. ती पार पडली की पुढच्या सहसा सोप्या जातात.

पण ही कमाई नीट तपासून घ्यावी लागते, कारण तिच्यात समोरच्या उमेदवाराचा नालायकपणाही मिसळलेला असतो. ओहायोच्या मार्सी कॅप्टर १९८३ पासून हाउसमध्ये आहेत. २०२२ मध्ये त्या रिपब्लिकन कलाच्या मतदारसंघात १३ टक्क्यांनी जिंकल्या. आकडा पाहून वाटेल की त्यांना हलवणं अशक्य. त्या वर्षी समोर होते जे. आर. मायेव्स्की. त्यांनी सांगितलेला लष्करी सेवेचा तपशील कागदपत्रांशी जुळत नाही, अशी बातमी असोसिएटेड प्रेसने सप्टेंबरमध्ये दिली आणि त्यांच्याच पक्षाच्या हाउस समितीने तिथलं जाहिरातींचं बुकिंग रद्द केलं. २०२४ मध्ये समोर आले राज्य विधानसभेचे सदस्य डेरेक मेरिन. कॅप्टर एक टक्क्याहूनही कमी फरकाने वाचल्या. खासदार तीच, दोन वर्षांत बारा टक्क्यांचा फरक. थोडा ट्रम्प यांच्या वाढलेल्या मतांचा, बराचसा उमेदवाराचा.

म्हणून आव्हान देणारा कोण, हे बारकाईने पाहतात. आधी निवडून आलेला आहे का? महापौर, राज्य सेनेटर, कोषाध्यक्ष? असे लोक हिशेबी असतात. हातातलं पद सोडून ते उगाच उडी घेत नाहीत. ते उतरले याचा अर्थ त्यांनी खाजगीत चाचणी करून घेतली आहे आणि आकडे बरे आलेत. चांगला आव्हानवीर येणं हे धोक्याचं कारणही असतं आणि लक्षणही.

घोटाळ्यांना बातम्यांत जेवढी जागा मिळते तेवढं वजन मी देत नाही. टेक्सासचे हेन्री क्वेलार यांच्यावर मे २०२४ मध्ये लाचखोरीचे आरोपपत्र आलं. त्याच नोव्हेंबरमध्ये, ट्रम्प जिंकलेल्या मतदारसंघात, ते डेमोक्रॅट म्हणून पाचेक टक्क्यांनी निवडून आले.

पैशाची वही कशी वाचायची

हाउसच्या उमेदवारांना फेडरल इलेक्शन कमिशनकडे तिमाही हिशेब द्यावा लागतो: १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि वर्षअखेरचा ३१ जानेवारीला. मतदानाच्या १२ दिवस आधी आणखी एक. शेवटच्या २० दिवसांत हजार डॉलर किंवा त्याहून मोठी देणगी आली तर ४८ तासांत कळवावी लागते. सगळं संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. पहिल्या पानावर 'हातात शिल्लक' हा आकडा ठळक असतो, पण खालची कर्जाची ओळ सोडू नका. उमेदवाराने स्वतःच्याच प्रचाराला उसने दिलेले पैसे शिल्लक फुगवतात आणि देणगीदार किती आहेत हे झाकतात. एका व्यक्तीला २०२५-२६ मध्ये प्राथमिक फेरीसाठी ३,५०० आणि नोव्हेंबरसाठी ३,५०० डॉलर देता येतात. नोव्हेंबरचे पैसे प्राथमिक फेरीत खर्च करता येत नाहीत, शिल्लक मात्र एकत्रच दिसते.

मोठी चूक होते ती अशी: खासदाराने भरपूर खर्च केला म्हणजे तो मजबूत. राज्यशास्त्रज्ञ गॅरी जेकबसन यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं की विद्यमान खासदार जितका जास्त खर्च करतो तितकी त्याला मतं कमी पडलेली दिसतात. खर्चाने मतं घटत नाहीत, ज्याच्या पायाखालची वाळू सरकते तोच जास्त खर्च करतो. अंदाजासाठी आव्हान देणाऱ्याची तिजोरी पाहावी. त्याला निदान ओळख करून देण्याइतका पैसा आहे का, हा खरा प्रश्न.

बाहेरच्या सुपर पॅकचे, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या समित्यांचे, डॉलर आणि उमेदवाराचे डॉलर सारखे धरू नयेत. मतदानाआधीच्या ६० दिवसांत टीव्ही वाहिन्यांना उमेदवाराला सगळ्यांत कमी दर लावावा लागतो. सुपर पॅकला ही सवलत नाही, त्यांना बाजारभावाने, ऐन ऑक्टोबरात कधी कित्येक पट मोजावे लागतात. म्हणून उमेदवाराचे दहा लाख पडद्यावर जास्त दिसतात. मात्र सुपर पॅक कुठे वेळ आरक्षित करतात आणि कुठला रद्द करतात, ही खूण फार बोलकी असते. खाजगी चाचण्या त्यांच्याच हातात असतात. दोन्ही पक्ष आपापल्या धोक्यातल्या खासदारांची यादीही जाहीर करतात. डेमोक्रॅट तिला 'फ्रंटलाइन' म्हणतात, रिपब्लिकन 'पेट्रियट'.

जनमत चाचण्या, आणि त्या नसणं

हाउसच्या बहुतेक मतदारसंघांत स्वतंत्र चाचण्या होतच नाहीत. ज्या बाहेर येतात त्या उमेदवारांनी किंवा पक्षांनी करून घेतलेल्या असतात, आणि वाईट आकडे कुणी छापत नाही. अशा चाचणीतून प्रायोजकाच्या बाजूचे चार-पाच टक्के काढून टाकावेत. ४०० जणांच्या नमुन्यात एका उमेदवाराच्या मतांमागे चुकीची शक्यता पाच टक्क्यांजवळ असते, दोघांमधल्या फरकात जवळजवळ दुप्पट. अशा एका चाचणीवरून मत बदलू नये.

वरच्या सभागृहात, म्हणजे सेनेटमध्ये, चाचण्या पुष्कळ असतात, तरी तिथेही घात होतो. २०२० मध्ये मेनच्या सुझन कॉलिन्स जवळपास प्रत्येक चाचणीत मागे होत्या आणि आठ टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकल्या, तेही बायडन यांना मोठी आघाडी देणाऱ्या राज्यात. उलट २०२४ मध्ये मोंटानाचे जॉन टेस्टर आणि ओहायोचे शेरॉड ब्राउन ही मुरलेली माणसं जमिनीच्या कलापुढे टिकली नाहीत.

स्वतःच्याच पक्षात पडणारे

इथवरचं सगळं नोव्हेंबरचं झालं. सुरक्षित मतदारसंघातल्या खासदाराला भीती असते ती प्राथमिक फेरीची. अमेरिकेत पक्षश्रेष्ठी तिकीट कापत नाहीत, मतदार कापतात. २०१४ मध्ये रिपब्लिकन सभागृह नेते एरिक कँटर यांना त्यांच्याच चाचणीने ३४ टक्क्यांची आघाडी दाखवली होती आणि ते डेव्ह ब्रॅट यांच्याकडून सुमारे ११ टक्क्यांनी हरले. कमी मतदानाच्या फेरीत मतदानाला नेमके कोण येणार हेच चाचणीवाल्याला कळलेलं नसतं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जो क्राउली अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांच्याकडून असेच गेले.

मराठी वाचकांना जवळचं उदाहरण म्हणजे बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, मिशिगनचा १३वा मतदारसंघ, डेट्रॉइट परिसर. नोव्हेंबरमध्ये तिथे डेमोक्रॅट हरणं जवळपास अशक्य. पीव्हीआय पाहून थांबलात तर ठाणेदार निर्धास्त वाटतील. पण २०२२ ची प्राथमिक फेरी त्यांनी नऊ जणांच्या गर्दीत, स्वतःचे लाखो डॉलर ओतून, तीस टक्क्यांहून कमी मतांवर जिंकली होती. म्हणजे विरोधातली मतं सत्तर टक्के, फक्त विभागलेली. २०२४ मध्ये त्यांचे जुने प्रतिस्पर्धी अ‍ॅडम हॉलियर यांना मतपत्रिकेवर येण्यासाठी लागणाऱ्या १,००० वैध सह्याच भरल्या नाहीत आणि मुख्य आव्हान कागदावरच संपलं. २०२६ साठी राज्य विधानसभेतले डोनाव्हन मॅककिनी यांनी आव्हान जाहीर केलं. अशा लढतीत जमीन आणि हवा दोन्ही निरुपयोगी ठरतात. पाहायचं ते मागच्या प्राथमिक फेरीतला वाटा, विरोधक किती उरलेत, बाहेरच्या संघटना आणि कामगार युनियन कुणामागे आहेत, आणि विरोधकांपैकी कोण आयत्या वेळी माघार घेतो. अर्जाच्या आणि सह्यांच्या छाननीची तारीख इथे चाचणीपेक्षा महत्त्वाची.

मानांकनं वापरताना

कुक, इनसाइड इलेक्शन्स आणि व्हर्जिनिया विद्यापीठातलं सॅबॅटोज क्रिस्टल बॉल हे तिघं प्रत्येक जागेला 'सॉलिड' (पक्की) पासून 'टॉस-अप' (कुणाचीही होऊ शकेल अशी) पर्यंत दर्जा देतात. एखादी जागा आज कुठल्या खान्यात आहे यापेक्षा ती कुठून कुठे सरकली हे पाहावं. सप्टेंबरनंतरचे बहुतेक बदल एकाच पक्षाच्या बाजूने होत असतील तर हवा त्या बाजूला आहे. स्वतःचा तक्ता करत असाल तर शब्दांऐवजी टक्के लिहा, तारखेसह, आणि निकालानंतर तपासा. ज्यांना ३० टक्के धोका दिला त्यांतले दहातले तीनच्या आसपास पडायला हवेत. एकही पडला नाही तर तुम्ही भित्रे ठरलात, सहा पडले तर बेफिकीर. तपासायची घाई मात्र मतदानाच्या रात्री करू नये. कॅलिफोर्नियात टपाली मतं मोजायला आठवडे लागतात. २०२४ मध्ये तिथले जॉन ड्युआर्टे १८७ मतांनी पडले हे कळायला डिसेंबर उजाडला होता.